सोन्याच्या पातळ थराचे थेंब कसे होतात? नॅनोवायर वाढवणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

सिलिकॉनच्या वेफरवर (पातळ चकतीवर) दोन-तीन नॅनोमीटर सोनं चढवलं, ते तापवलं, थराचे थेंब झाले आणि प्रत्येक थेंबाखाली एक अतिसूक्ष्म तार, म्हणजे नॅनोवायर, उगवली. शोधनिबंधांत हे सगळं एका वाक्यात उरकतात. खरं तर तारांची जाडी, त्यांची दाटी आणि बऱ्याचदा दिशासुद्धा त्या एका वाक्यातच ठरून जाते, वायू सोडायच्या आधी. नॅनोवायरवर नव्याने काम सुरू करणारे विद्यार्थी या टप्प्याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे घेतले आहेत. उदाहरण मुख्यतः सोनं आणि सिलिकॉन या जोडीचं आहे, कारण तिच्यावर सर्वांत जास्त काम झालेलं आहे.

नॅनोवायर वाढवायला धातूचा थेंब लागतोच कशाला?

तार एकाच दिशेने वाढावी म्हणून. वेफरवर नुसता सिलेन (सिलिकॉन आणि हायड्रोजनचा) वायू सोडला तर तापमान पुरेसं असेल तिथे सगळीकडे सिलिकॉनचा थर बसतो, तार मिळत नाही. धातूचा द्रव थेंब असेल तर वायू त्याच्या पृष्ठभागावर जास्त सहज फुटतो, सुटलेले सिलिकॉनचे अणू थेंबात विरघळतात, थेंब अतिसंपृक्त होतो (मावेल त्याहून जास्त सिलिकॉन त्यात येतं) आणि जादा सिलिकॉन तळाशी, स्फटिकाच्या सीमेवर थरामागून थर बसत जातं. थेंब वर उचलला जातो, खाली तार लांबत जाते. वायू, द्रव, घन अशा या तीन टप्प्यांमुळे या पद्धतीला व्हीएलएस म्हणतात.

ही यंत्रणा १९६४ मध्ये बेल टेलिफोन लॅबोरेटरीजच्या आर. एस. वॅग्नर आणि डब्ल्यू. सी. एलिस यांनी मांडली. त्याआधी अशा केसासारख्या स्फटिकांचं स्पष्टीकरण स्क्रू डिसलोकेशनने दिलं जायचं: स्फटिकाच्या मध्यातून जाणारा सर्पिल दोष, ज्याच्या आधाराने स्फटिक उंच होत जातो. वॅग्नर-एलिस यांच्या सिलिकॉनच्या तारांत तो दोष सापडलाच नाही. सापडला तो प्रत्येक तारेच्या टोकावर गोठलेला सोन्याचा गोळा. त्यांनी सिलिकॉन टेट्राक्लोराइड आणि हायड्रोजन वापरला होता, तापमान ९५० अंश सेल्सिअसच्या आसपास. आज आपण जे करतो ते तत्त्वतः तेच आहे. बदललं आहे ते थेंबाचं माप.

सोनंच का?

सोनं १०६४ अंशांना वितळतं, सिलिकॉन १४१४ अंशांना. दोन्ही एकत्र आले की मिश्रण ३६३ अंशांनाच द्रव होतं. सर्वांत कमी तापमानाला वितळणाऱ्या या युटेक्टिक मिश्रणात शंभर अणूंमागे साधारण १९ सिलिकॉनचे असतात. म्हणजे स्वयंपाकघरातल्या ओव्हनपेक्षा थोड्याच जास्त तापमानाला तुमच्याकडे द्रव धातू तयार. शिवाय सोनं हवेत गंजत नाही, निर्वातात उडून जात नाही आणि सिलिकॉनशी स्थिर सिलिसाइड (धातू-सिलिकॉन संयुग) करत नाही. नवख्याला प्रयोग साधावा यासाठी याहून सोयीचा धातू नाही. त्याची किंमत शेवटच्या प्रश्नात मोजू.

सपाट बसलेला थर थेंब का होतो?

अळूच्या पानावर पाणी पसरत नाही, गोळा होऊन राहतं. तिथेही आणि इथेही हिशेब पृष्ठऊर्जेचाच आहे. थर पसरलेला असताना तीन गोष्टी हिशेबात येतात: धातूचा वरचा पृष्ठभाग, धातू आणि खालचा पदार्थ यांची सीमा, आणि या दोन्हींच्या बदल्यात वाचलेला खालच्या पदार्थाचा उघडा पृष्ठभाग. घन सोन्याची पृष्ठऊर्जा चौरस मीटरला सुमारे १.५ जूल आहे, सिलिकॉन डायऑक्साइडची ०.३ च्या आसपास. महाग पदार्थाने स्वस्त पदार्थ झाकून ठेवणं निसर्गाला परवडत नाही. अणूंना हलायची संधी मिळाली की सोनं आपला उघडा पृष्ठभाग कमी करतं आणि ऑक्साइड मोकळा सोडतं.

मग थर मुळात बसतो तरी कसा? इव्हॅपोरेटरमध्ये (निर्वातात धातूची वाफ करून थर चढवणाऱ्या यंत्रात) खालचा वेफर थंड असतो, अणू जिथे पडतात तिथल्या तिथे अडकतात. थर म्हणजे गोठवलेली, अवघडून बसलेली अवस्था. तापवणं म्हणजे तिला फक्त मोकळीक देणं. थर जितका पातळ, तितका पृष्ठभागाचा वाटा आकारमानाच्या मानाने मोठा. म्हणून १०० नॅनोमीटरचा थर ज्या तापमानाला तासन्‌तास टिकतो, तिथे ३ नॅनोमीटरचा थर मिनिटांत फाटतो.

पण ४००–५०० अंशांना सोनं वितळतच नाही. मग थेंब होतात कसे?

इथे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या जातात आणि त्यामुळे अर्धा गोंधळ होतो.

सोन्याखाली ऑक्साइड असेल तर सोनं घनच राहतं. अणू पृष्ठभागावरून सरकतात, वितळण्याची गरज नसते. घन अवस्थेतलं हे डीवेटिंग (थर फाटून गोळे होणं) आहे आणि वितळणबिंदूच्या कितीतरी खाली घडतं. तयार होतात ते खरं तर घन कण. त्यांना कडा असतात, पैलू असतात. बोलताना आपण त्यांनाही थेंब म्हणतो, एवढंच.

सोन्याखाली स्वच्छ सिलिकॉन असेल तर ३६३ अंशांच्या वर सोनं खालचं सिलिकॉन खाऊ लागतं आणि मिश्रण खरोखर द्रव होतं. हे खरे थेंब. वितळलेल्या मिश्रणात अणू कितीतरी वेगाने फिरतात, त्यामुळे सगळं पटकन घडतं, आणि थेंबांखाली वेफरमध्ये लहान खड्डेही पडतात.

‘थर पातळ आहे म्हणून वितळणबिंदू उतरला’ हे उत्तर तोंडी परीक्षेत हमखास ऐकू येतं. लहान कणांचा वितळणबिंदू उतरतो हे खरं आहे. सोन्यासाठी बुफा आणि बोरेल यांनी १९७६ मध्ये ते मोजून दाखवलं. पण मोठी घसरण दिसते ती दोन-चार नॅनोमीटर व्यासाच्या कणांत. तीस-चाळीस नॅनोमीटरच्या कणाला तेवढ्यावर ५०० अंशांना वितळवता येत नाही. कारण शोधायचं तर ते पृष्ठभागावरच्या विसरणात किंवा युटेक्टिकमध्ये शोधावं.

थर फाटतो तो नेमका कसा?

मला या विषयातला सर्वांत रंजक भाग हाच वाटतो, आणि बहुतेक जण तो वगळून पुढे जातात.

आधी एक गृहीत सोडावं लागेल. ऑक्साइडवरचा एक-दोन नॅनोमीटरचा ‘थर’ बहुधा थर नसतोच. सोनं ऑक्साइडवर पसरून बसत नाही, पहिल्यापासून बेटं करत वाढतं. बेटं मोठी होतात, एकमेकांना भिडतात, मध्ये वेड्यावाकड्या फटी राहतात, आणि काही नॅनोमीटर जाडीनंतरच सलग थर होतो. त्यामुळे अगदी पातळ सोनं तापवताना काही फाटत नाही. आधीच सुटी असलेली बेटं गोल होतात आणि जवळची जवळचीला गिळते.

सलग थराची गोष्ट वेगळी. थर अनेक बारीक स्फटिककणांचा असतो. दोन कण जिथे भेटतात त्या सीमेवर तापवल्यावर खाच पडते. अशी खाच कशी खोल होत जाते याचं गणित मुलिन्स यांनी १९५७ मध्ये मांडलं होतं. तीन कण भेटतात त्या कोपऱ्यात खाच सर्वांत खोल जाते, आणि थर पातळ असेल तर तळाला पोचते. पडलं छिद्र. पण प्रत्येक छिद्र वाढत नाही. स्रोलोविट्झ आणि सॅफ्रन यांनी १९८६ मध्ये दाखवलं की थराच्या जाडीच्या मानाने छिद्र पुरेसं रुंद असेल तरच ते वाढतं, नाहीतर बुजतं. जाड थर टिकाऊ का असतात, हे इथे कळतं: त्यांना धोकादायक व्हायला मोठं छिद्र लागतं.

छिद्र वाढू लागलं की त्याच्या काठावरून मागे हटलेलं सोनं तिथेच साचतं आणि काठ जाड होतो, बांधासारखा उंचावतो. दोन छिद्रांचे बांध एकमेकांना भिडले की मध्ये उरते सोन्याची लांबट पट्टी. ही पट्टी जवळजवळ दंडगोल असते, आणि दंडगोल टिकत नाही. नळातून पडणारी बारीक धार तुटून थेंब होतात तीच ही अस्थिरता. बेल्जियमच्या जोसेफ प्लातो यांनी १८७३ च्या ग्रंथात तिची अट दिली: विक्षोभाची (धारेवरच्या लहरीची) लांबी परिघापेक्षा जास्त असली की धार तुटणारच. प्लातो त्या काळात पूर्ण आंधळे होते, प्रयोग दुसऱ्यांच्या डोळ्यांनी केलेले. पुढे रेली यांनी सर्वांत वेगाने वाढणारी लांबी काढली, ती त्रिज्येच्या सुमारे नऊपट येते. सोन्याच्या पट्टीतही दोन थेंबांमधलं अंतर साधारण याच मापाचं असतं, ती घन असली तरी.

द्रव थराला आणखी एक वाट असते. थर इतका पातळ असतो की त्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांमधलं व्हॅन डर वाल्स आकर्षण जाणवू लागतं. मग छिद्रासाठी दोषाची गरज उरत नाही. पृष्ठभागावरची बारीक लहर आपोआप वाढते आणि ठरावीक अंतरावर थर फाटतो. याला स्पिनोडल डीवेटिंग म्हणतात. बिशॉफ, हेरमिंगहाउस आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये लेसरच्या स्पंदांनी धातूचे पातळ थर क्षणभर वितळवून छिद्रांचा आणि लहरींचा असे दोन्ही प्रकार दाखवले. फर्नेसमध्ये हळू तापवताना मात्र कणसीमा आणि धूळ आधी बाजी मारतात. आपल्या नमुन्यात स्पिनोडल डीवेटिंग झालं असा दावा करायचा असेल तर थेंबांमधल्या अंतराला एक ठरावीक माप आहे हे आकडेमोड करून दाखवावं लागेल. फोटोवरून भासतं तेवढं पुरत नाही.

थराची जाडी किती ठेवू?

बहुतेक कामांसाठी १ ते ५ नॅनोमीटर. पण आकडा उचलण्याआधी हिशेब करून पाहा, पाच मिनिटांचं काम आहे.

सोनं कुठे जात नाही, फक्त गोळा होतं. समजा २ नॅनोमीटर थराचे ४० नॅनोमीटर व्यासाचे अर्धगोल झाले. एका अर्धगोलाचं आकारमान सुमारे १६,७५५ घन नॅनोमीटर. तेवढं सोनं २ नॅनोमीटर जाडीच्या ८,३७८ चौरस नॅनोमीटर तुकड्यातून येतं. म्हणजे दोन थेंबांच्या मध्यांत सुमारे ९२ नॅनोमीटर अंतर आणि एका चौरस सेंटीमीटरवर सुमारे १,२०० कोटी थेंब. याच उदाहरणात सोन्याचा उघडा पृष्ठभाग मूळ क्षेत्रफळाच्या ३० टक्क्यांवर येतो. थर का फाटला याचं उत्तर पुन्हा एकदा मिळालं. सिलिकॉन विरघळलं की थेंब अजून फुगतो. युटेक्टिक प्रमाणाला साधारण पावपट.

जाडी बदलली तर काय? स्पिनोडल सिद्धांतानुसार थेंबांमधलं अंतर जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतं. सोन्याचा ताळा ठेवला तर थेंबाची त्रिज्या जाडीच्या पाच-तृतीयांश घाताप्रमाणे वाढते आणि संख्या चौथ्या घाताप्रमाणे घटते. जाडी दुप्पट केली की थेंब तिपटीहून थोडे मोठे आणि संख्येने सोळावा हिस्सा. खरे थर इतके आज्ञाधारक नसतात, पण दिशा हीच असते. म्हणून २ च्या जागी २.५ नॅनोमीटर झाले तर काय बिघडलं, असं म्हणू नये. बिघडतं.

क्वार्ट्झ मॉनिटर १ नॅनोमीटर दाखवतो. एवढी अचूकता खरी असते का?

मॉनिटर वजन मोजतो, जाडी नाही. क्वार्ट्झच्या स्फटिकावर बसलेल्या वस्तुमानाने त्याची कंपनसंख्या उतरते. यंत्र त्याला सोन्याच्या १९.३ घनतेने भागून नॅनोमीटर दाखवतं. सोनं बेटांच्या रूपात बसलं असेल तर तो आकडा सरासरी आहे एवढंच. स्फटिक आणि वेफर वेगवेगळ्या जागी असल्यामुळे टूलिंग फॅक्टर, म्हणजे दोन्हींवरच्या जाडीचं गुणोत्तर, लागतो. तो एकदा जाड थर चढवून, एएफएमने (सूक्ष्म सुईने उंची मोजणाऱ्या सूक्ष्मदर्शकाने) पायरी मोजून स्वतः ठरवावा. आधीच्या बॅचच्या वहीतला उतरवू नये. दर सेकंदाला ०.०५ नॅनोमीटरच्या आसपासचा संथ वेग ठेवला तर शटर बंद करायला वेळ मिळतो.

जाता जाता: १०० मिलिमीटरच्या वेफरवर २ नॅनोमीटर सोनं म्हणजे मिलिग्रॅमचा जेमतेम तिसरा हिस्सा. खर्च होतो तो चेंबरच्या भिंतींवर बसणाऱ्या सोन्याचा.

आणि एसईएमच्या (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या) नमुन्यांवर धातू चढवायला जो लहान कोटर असतो त्यात सोनं-पॅलेडियमचं टार्गेट नाही ना, हे पाहून घ्या. त्या मिश्रणाला ३६३ अंशांचा नियम लागू नाही.

वेफरवरचा ऑक्साइड काढायचा की ठेवायचा?

तारा वेफरच्या स्फटिकाला जोडून, उभ्या वाढवायच्या असतील तर काढायचा. हवेत ठेवलेल्या सिलिकॉनवर एक-दोन नॅनोमीटरचा नैसर्गिक ऑक्साइड असतोच. तो सोनं आणि सिलिकॉन यांच्यामध्ये राहिला तर मिश्रण कुठे होतं, कुठे होत नाही. एकाच वेफरवर काही ठिकाणी द्रव थेंब, काही ठिकाणी घन कण. तारा मग कुठल्याही दिशेला जातात. विरळ हायड्रोफ्लोरिक आम्लात बुडवून ऑक्साइड काढावा आणि वेफर शक्य तितक्या लवकर इव्हॅपोरेटरमध्ये जावा. मधल्या वेळात चहा नाही.

एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. सोनं चढवलेला वेफर ठेवून दिला तरी तो तसाच राहत नाही. सोन्याच्या संपर्कात सिलिकॉनचे बंध सैल होतात, अणू सोन्यातून वर येतात आणि हवेत ऑक्साइड होऊन सोन्याच्या डोक्यावर बसतात. थोडं तापवलं तर हे झपाट्याने होतं. हिराकी आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हे दाखवलं. महिनाभर कपाटात ठेवलेला वेफर ‘काल चालला, आज चालत नाही’ म्हणतो तेव्हा पहिला संशय इथे घ्यावा. चढवून लगेच वापरणं सर्वांत बरं. जुना असेल तर वाढीआधी पुन्हा थोडा वेळ आम्लात बुडवतात.

काच, सफायर किंवा जाड ऑक्साइडवर थेंब हवे असतील तर वेगळी सवय आड येते. सोनं चिकटावं म्हणून खाली क्रोमियम किंवा टायटेनियम देण्याची पद्धत आहे. संपर्कपट्ट्यांसाठी ते ठीक. इथे मात्र आपल्याला सोनं सुटायलाच हवं आहे, त्यामुळे तो थर देऊ नये.

तापमान आणि वेळ किती?

सिलिकॉनसाठी बहुतेक जण ४०० ते ६०० अंशांत, निर्वातात किंवा हायड्रोजन-आर्गॉनमध्ये, ५ ते ३० मिनिटं ठेवतात. पण तापवण्याचा वेग अनेकदा या दोन्ही आकड्यांपेक्षा महत्त्वाचा ठरतो. हळू तापवलं तर ३६३ अंशांच्या आधीच्या टप्प्यातच थर घन अवस्थेत फाटायला लागतो. म्हणजे द्रव होईपर्यंत थेंबांच्या जागा ठरलेल्या असतात. झटकन तापवलं तर सलग थरच वितळतो आणि मग फाटतो. दोन्हींत थेंबांची दाटी वेगळी येते. तुमच्या नोंदवहीत तापवण्याचा वेग लिहिलेला नसेल तर तो प्रयोग दुसऱ्याला जमणार नाही, आणि सहा महिन्यांनी तुम्हालाही नाही.

जास्त वेळ ठेवल्याने थेंब ‘नीट’ होत नाहीत. थर फाटून झाला की ऑस्टवाल्ड राइपनिंग सुरू होतं. लहान थेंबाचा पृष्ठभाग जास्त वळलेला, त्यातले अणू जास्त अस्वस्थ. ते निघतात आणि पृष्ठभागावरून सरकत मोठ्या थेंबात जातात. लहान नाहीसे होतात, मोठे फुगतात. थेंब लहान हवे असतील तर कमी वेळ ठेवा, आणि शक्य असेल तर त्याच रिॲक्टरमध्ये तापवून, हवा न लागू देता लगेच वायू सोडा.

सगळे थेंब एकाच मापाचे का येत नाहीत?

कारण फाटणं मुळात योगायोगाचं आहे. छिद्र कुठे पडेल ते कणसीमा ठरवतात, आणि त्यांवर आपला ताबा नाही. जाडी बदलून सरासरी हलवता येते, विखुरणं फारसं कमी करता येत नाही. माझं मत असं की ज्याला एकाच मापाच्या तारा हव्या आहेत त्याने थर फाडण्याच्या नादी लागू नये.

मग पर्याय? ठरावीक मापाचे सोन्याचे कोलॉइड (द्रवात तरंगणारे) कण वेफरवर बसवता येतात. लीबर यांच्या हार्वर्डच्या गटाने २००१ मध्ये याच मार्गाने सिलिकॉन तारांचा व्यास ताब्यात ठेवला. इलेक्ट्रॉन-बीम लिथोग्राफीने हव्या त्या जागी सोन्याचे ठिपके काढता येतात, पण मोठ्या क्षेत्रासाठी तिला वेळ फार लागतो. तिसरा मार्ग मला विशेष आवडतो, कारण त्यात डीवेटिंगशी भांडण नाही: वेफरवर आधी उलट्या पिरॅमिडच्या आकाराचे खड्डे रांगेत कोरायचे आणि मग थर चढवून तापवायचा. थर फाटतो, पण कुठे ते खड्डे सांगतात. एमआयटीच्या गिअरमन आणि थॉम्पसन यांनी २००५ मध्ये हे करून दाखवलं. प्रत्येक खड्ड्यात एक कण, मापं जवळजवळ सारखी.

सेन्सरसाठी तारांचं नुसतं जंगल हवं असेल, किंवा प्रकाश अडवणारा काळा पृष्ठभाग हवा असेल, तर मापांचा विखुरलेपणा चालतो. तिथे फाटलेला थर स्वस्त आणि पुरेसा आहे.

थेंब १०० नॅनोमीटरचे दिसले, तारा मात्र ६० च्या आल्या. चूक कुठे झाली?

बहुधा कुठेच नाही. सपाट सिलिकॉनवर द्रव थेंब चपटा बसतो, संपर्क कोन (थेंबाचा काठ वेफरशी करतो तो) लहान असतो. तार वाढू लागली की तोच थेंब तारेच्या टोकावर उभा राहतो आणि तिथे कोन ९० अंशांच्या वर जातो. आकारमान तेच, पाया लहान. समजा कोन ४५ वरून ११० अंशांवर गेला, तर पायाची रुंदी मूळच्या सुमारे ५७ टक्के उरते: १०० नॅनोमीटरच्या थेंबातून ५७ नॅनोमीटरची तार. तारेच्या बुडाशी दिसणारा फुगीर भाग याच बदलाची खूण आहे.

यामुळे दिशाही बदलू शकते. सिलिकॉनच्या जाड तारा १११ दिशेने वाढतात, साधारण २० नॅनोमीटरच्या खालच्या तारा ११० दिशा पसंत करतात (हे आकडे म्हणजे स्फटिकातल्या दिशांची नावं). वेफरचा पृष्ठभाग १११ असूनही तारा तिरक्या येत असतील तर आधी त्यांची जाडी मोजा.

वाढ सुरू झाल्यावर थेंब तसाच राहतो का?

पूर्वी तसं धरून चालायचे. २००६ मध्ये आयबीएमच्या हॅनन, कोडंबका, रॉस आणि ट्रॉम्प यांनी अतिनिर्वातात तारा वाढताना पाहिल्या आणि चित्र बदललं. सोनं तारेच्या अंगावरून खाली उतरून दुसऱ्या थेंबांकडे जात होतं. लहान थेंब वाढ चालू असतानाच आटत होते. त्यांच्या तारा निमुळत्या होऊन थांबत होत्या. म्हणजे राइपनिंग फक्त तापवण्याच्या वेळेपुरतं नाही. त्याच गटाने दाखवलं की ऑक्सिजनचा अगदी थोडा अंश ही गळती रोखतो. सिलेनचा दाब वाढवल्यानेही भिंतींवर सोनं कमी पसरतं. तुमच्या तारा टोकाकडे बारीक होत असतील तर दोन शक्यता आहेत: एकतर सोनं निसटतंय, नाहीतर तापमान जास्त असल्याने भिंतींवर थेट सिलिकॉन बसतंय. टोकावरचा गोळा सुरुवातीच्या थेंबापेक्षा लहान झाला आहे का, यावरून निवाडा होतो.

सोन्याऐवजी दुसरा धातू चालेल का?

चालतो, पण प्रत्येकाचं पथ्य वेगळं. ॲल्युमिनियमचा सिलिकॉनशी युटेक्टिक ५७७ अंशांना आहे आणि इलेक्ट्रॉनिक्सला तो परका नाही. मात्र हवा लागताच त्यावर ऑक्साइड बसतो, त्यामुळे थर चढवण्यापासून तार वाढवण्यापर्यंत निर्वात सोडता येत नाही. २००६ मध्ये त्याने युटेक्टिकच्या खाली, घन कणांनीही तारा वाढवून दाखवल्या गेल्या. इंडियम १५७ अंशांना आणि कथील २३२ अंशांना वितळतं, पण त्यांत सिलिकॉन फार कमी विरघळतं आणि त्यांचं पृष्ठताणही कमी, म्हणून प्लाझ्माची मदत लागते. इथे एक सुबक युक्ती आहे: काचेवरच्या पारदर्शक वाहक थरातला टिन ऑक्साइड किंवा इंडियम ऑक्साइड हायड्रोजन प्लाझ्माने क्षपण केला (त्यातला ऑक्सिजन काढला) की धातूचे थेंब जागेवरच तयार होतात, वेगळा थर चढवायला नको. गॅलियम आर्सेनाइडच्या तारा गॅलियमच्या स्वतःच्या थेंबांनी वाढतात.

झिंक ऑक्साइडच्या तारा आपल्याकडच्या अनेक महाविद्यालयांत ट्यूब फर्नेसमध्ये वाढवतात, झिंक ऑक्साइड आणि ग्रॅफाइटची पूड ९०० अंशांच्या आसपास तापवून. तिथे सफायरवर सोन्याचा थर देतात. तत्त्व तेच, पण तापमान इतकं जास्त की राइपनिंगला वेळच वेळ मिळतो.

थेंब झाले की नाही हे एसईएमशिवाय कळेल का?

काच किंवा क्वार्ट्झवर कळतं, डोळ्यांनीच. सलग पातळ सोनं आरपार पाहिल्यावर निळसर-हिरवट दिसतं. तापवून कण झाले की नमुना गुलाबी-जांभळा होतो, कारण सुट्या सोन्याच्या कणांतले इलेक्ट्रॉन ५२० ते ५६० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषतात. म्हणून प्रत्येक बॅचबरोबर काचेचा एक तुकडा चेंबरमध्ये ठेवावा. सिलिकॉनवर मात्र एसईएमला पर्याय नाही. एसईएमने व्यास आणि संख्या मिळते, उंची एएफएमने. उंचीला पायाच्या त्रिज्येने भागलं की अर्ध्या संपर्क कोनाची टॅन्जंट मिळते. किमान काही शे थेंब मोजा, वेफरच्या मध्यावर आणि काठावर दोन्हीकडे.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याने हे कुठे करावं?

आपल्या विभागात इव्हॅपोरेटर नसेल तर आयआयटी मुंबईची नॅनोफॅब्रिकेशन सुविधा बाहेरच्या संशोधकांसाठीही आहे, इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स युझर्स प्रोग्रॅममधून. पण सोनं लागलेला वेफर इथे काय किंवा कुठेही, प्रत्येक भट्टीत घालू देत नाहीत. अर्ज करताना हे आधीच स्पष्ट लिहा.

हायड्रोफ्लोरिक आम्ल आणि सिलेन या दोन्हींचं प्रशिक्षण घेतल्याशिवाय हात लावू नये. आम्ल त्वचेवर लागताना फारसं दुखत नाही आणि आत हाडांपर्यंत जातं. कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी नसेल तर काम सुरूच करायचं नाही. सिलेन हवेत आपोआप पेटतो.

तारा वाढल्यावर सोन्याचं काय करायचं?

टोकावरचा गोळा आयोडीन आणि पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणात विरघळतो. वर सिलिकॉनचं किंवा ऑक्साइडचं कवच असेल तर आधी हायड्रोफ्लोरिक आम्ल. भिंतींवर पसरलेलं सोनंही बरंचसं निघतं. तारेच्या आत अडकलेले अणू मात्र निघत नाहीत. सोनं सिलिकॉनच्या ऊर्जापट्ट्यांमधल्या फटीत जवळजवळ मध्यावर पातळ्या तयार करतं. तिथे इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा) एकमेकांना गाठून संपतात. एके काळी जलद बंद-चालू होणाऱ्या डायोडमध्ये मुद्दाम सोनं घालत, ते याच गुणासाठी. सौरघट किंवा ट्रान्झिस्टरसाठी तोच गुण मारक ठरतो, म्हणून चिप बनवणाऱ्या कारखान्यांत सोन्याला प्रवेश नसतो. तार फक्त यांत्रिक किंवा प्रकाशीय कामासाठी असेल तर हा खर्च सोसतो. तीतून प्रवाह न्यायचा असेल तर धातूची निवड पहिला थर चढवण्याआधीच करावी लागते.